आतिथ्य : ख्रिस्ती घराचा उंबरठा आणि दारी आलेला अनोळखी

मुंबई-गोवा महामार्गाने सिंधुदुर्ग जिल्ह्यात येणाऱ्या प्रवाशास ‘येवा, कोकण आपलोच आसा’ हे मालवणी शब्द ठिकठिकाणी वाचावयास मिळतात. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला आणि त्यानंतरच्या काळात मालवण, तारकर्ली, देवबाग, आचरा, वेंगुर्ले या किनारपट्टीवर पाहुण्यांसाठी खोल्या देण्याचा एक नवा व्यवसायच उभा राहिला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या न्याहारी व निवास योजनेने त्यास हातभार लावला. माशांचे जेवण, सोलकढी, कोंबडी-वडे, घावणे, पाहुण्यास समुद्रात फिरवून आणणे, या सर्वांचे दर ठरले. आमच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांचीही चूल त्यावर चालते. मासेमारी कमी झालेल्या घरांतील मुले त्यामुळे मुंबईस न जाता गावात राहिली. या व्यवसायास आम्ही नावे ठेवीत नाही. कष्टाची आणि सचोटीची ती मिळकत आहे.

परंतु ज्या किनाऱ्यावर आतिथ्याचा दर खोलीगणिक लिहिला जातो, तेथे ज्यास दर परवडत नाही त्याचे काय, हा प्रश्न ख्रिस्ती मनुष्यास टाळता येत नाही. ‘आपलोच आसा’ हे शब्द नेमके कोणास उद्देशून आहेत? सदर लेखात आतिथ्याविषयी पवित्र शास्त्र व धर्मसभेची परंपरा काय सांगते, आमच्या घरांत ते कसे पाळले गेले आणि आज ते कोठे अपुरे पडते, याचा विचार केला आहे.

शब्दांचा मागोवा

‘अतिथी’ या शब्दाची फोड परंपरेने अशी सांगितली जाते की, ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. म्हणजे आगाऊ कळवून न आलेला, ज्याच्यासाठी भांड्यात तांदूळ मोजून घातलेले नाहीत असा मनुष्य. व्यवहारातील ‘पाहुणा’ हा शब्द मात्र कालांतराने आकुंचित झाला. आज आपण पाहुणे म्हणतो ते बहुधा नातेवाईक असतात. लग्नाच्या बोलणीत तर ‘पाहुणे’ म्हणजे होऊ घातलेले व्याही. अनोळखी मनुष्य या शब्दातून जवळजवळ बाहेर पडला आहे.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत आतिथ्यासाठी ‘फिलोक्सेनिया’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ परक्यावर प्रेम. नातलगास जेवू घालणे यास तो शब्द लागत नाही, त्यासाठी दुसरे शब्द होते. लॅटिन भाषेतील ‘होस्पेस’ हा शब्द आणखी विचार करावयास लावणारा आहे, कारण यजमान आणि पाहुणा या दोघांनाही तो एकच शब्द वापरला जाई. त्याच मुळापासून निघालेला शब्द पोर्तुगीज भाषेतून आमच्या किनाऱ्यावर उतरला आणि ‘इस्पितळ’ झाला. आजारी मनुष्यास जेथे नेतो त्या वास्तूच्या नावात परक्याचे स्वागत दडलेले आहे, हे आम्हांस फार उशिरा कळले.

पवित्र शास्त्रातील आधार

उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात भर दुपारच्या उन्हात अब्राहाम आपल्या तंबूच्या दाराशी बसला असता तीन अनोळखी पुरुष त्याच्या दृष्टीस पडतात. वृद्ध अब्राहाम धावत त्यांना सामोरा जातो. पाय धुण्यास थोडे पाणी आणि भाकरीचा तुकडा एवढेच तो बोलून दाखवितो, आणि प्रत्यक्षात सारेस भरपूर सपीठ मळावयास सांगतो, कोवळे वासरू कापवितो, दही-दूध आणतो. ते जेवीत असता तो झाडाखाली उभा राहतो. ते कोण आहेत, कोठून आले, हे त्याने विचारलेले नाही. पुढे इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात या प्रसंगाकडेच बोट दाखवून सांगितले आहे की परक्यांचा पाहुणचार करताना कित्येकांनी नकळत देवदूतांचे स्वागत केले.

दुसऱ्या राजे या पुस्तकातील शूनेम येथील स्त्रीची कथा आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस विशेष जवळची वाटेल. अलीशा संदेष्टा वाटेने वारंवार जातो हे पाहून ती पतीस सांगते की माडीवर एक लहानशी खोली बांधू. त्यात खाट, मेज, आसन आणि दिवा ठेवू. देवबागेतील कोणत्याही घराच्या माडीवर आज नेमकी हीच सामग्री आढळते. फरक एवढाच की त्या खोलीचे भाडे नव्हते.

प्रभू येशूचे आयुष्य तर जवळजवळ पाहुणा म्हणूनच गेले. त्याचा जन्म झाला तेव्हा उतारशाळेत जागा नव्हती. सेवाकार्याच्या काळात त्यास स्वतःचे घर नव्हते. मार्था व मरियेच्या घरी, पेत्राच्या घरी, काना येथील लग्नमंडपात, जकातदाराच्या पंक्तीत तो बसला. यरीहो नगरात तर जक्कयाने बोलाविलेले नसतानाच त्याने आपण होऊन त्याच्या घरी उतरण्याचे जाहीर केले. शिमोन नावाच्या परुशाने मात्र त्यास रीतसर जेवावयास बोलाविले आणि पाय धुण्यास पाणीसुद्धा दिले नाही, असे लूक सातव्या अध्यायात नोंदवितो. बोलाविणे आणि स्वागत करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या परुशाच्या घरी जितके स्पष्ट होते तितके क्वचितच अन्यत्र होते.

लूकच्याच चौदाव्या अध्यायात प्रभू यजमानास सांगतो की मित्र, भाऊबंद आणि श्रीमंत शेजारी यांना जेवण घालशील तर तेही तुला उलट बोलावतील. ज्यांच्याकडे परतफेड करण्याजोगे काही नाही अशांना बोलाव. ख्रिस्ती आतिथ्याची खरी कसोटी येथे आहे. आमच्या लग्नांतील आहेर, वाढदिवसांच्या मेजवान्या, सणांचे आमंत्रण-प्रत्यामंत्रण यांस प्रभू वाईट म्हणत नाही, परंतु त्यांचा हिशोब इहलोकीच पुरा झाला असे तो सुचवितो. आणि मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या दृश्यात परक्यास घरात घेणे अथवा न घेणे हे साक्षात ख्रिस्तास घेणे अथवा न घेणे ठरते.

आद्य धर्मसभा आणि मठांची परंपरा

पहिल्या शतकांत ख्रिस्ती लोकांस मंदिरे नव्हती. श्रद्धावंतांच्या घरांतच भाकर मोडली जाई. त्यामुळे घराचे दार आणि उपासनेचे दार एकच होते. करिंथ येथे काही सधन लोक आधी येऊन खाऊन-पिऊन तृप्त होत आणि कामावरून उशिरा आलेले गरीब उपाशी राहत, तेव्हा संत पौलाने त्यांस कडक शब्दांत बजावले की हे प्रभुभोजन नव्हेच. संत याकोबाने सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्यास चांगली जागा आणि फाटक्या वस्त्रातील मनुष्यास उभे राहण्याची आज्ञा, या भेदावर असाच आघात केला आहे.

‘दिदाखे’ हे पहिल्या शतकाच्या अखेरीस वा दुसऱ्याच्या प्रारंभी रचलेले लहानसे पुस्तक मोठे व्यवहारी आहे. प्रभूच्या नावाने येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करा, वाटसरूस मदत करा. पण त्याने दोन अथवा गरज पडल्यास तीन दिवसच राहावे. येथेच स्थायिक व्हावयाचे असेल तर त्याने काम करून खावे, आणि हस्तकौशल्य नसेल तर त्याची सोय तुम्ही विचारपूर्वक लावा. भोळेपणा आणि दुष्टपणा यांच्या मधली ही वाट त्या काळातील गरीब ख्रिस्ती वस्त्यांनी अनुभवातून काढली असावी.

इसवी सन ४०० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपल येथे संत जॉन क्रिसोस्तम यांनी प्रेषितांच्या कृत्यांवर प्रवचने दिली. त्या काळी धर्मसभेची स्वतःची अतिथिगृहे निघाली होती, आणि लोक वाटसरूंना तिकडे पाठवून मोकळे होऊ लागले होते. क्रिसोस्तमांनी त्यास हरकत घेतली. धर्मसभा देते म्हणून तुम्ही सुटलात असे मानू नका. प्रत्येकाने आपल्या घरात ख्रिस्तासाठी एक खोली राखावी, मग ती कितीही साधी असो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. अनाथाश्रम, वृद्धाश्रम व इस्पितळे चालविणाऱ्या आमच्या धर्मभगिनींकडे सर्व परके सोपवून आपण निश्चिंत होतो, तेव्हा हे सोळाशे वर्षांपूर्वीचे प्रवचन आम्हांस आठवते.

सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत त्रेपन्नावा अध्याय पाहुण्यांविषयी आहे. मठाधिपतीने पाहुण्यांच्या हातावर पाणी घालावे, पाहुण्यासाठी आपला नेहमीचा उपवासही बाजूस ठेवावा, पाहुणे अवेळी येतात म्हणून त्यांची स्वयंपाकाची व्यवस्था वेगळी असावी, इतक्या बारकाईने त्यात विचार आहे. आणि एक मार्मिक सूचनाही आहे : गरीब व यात्रेकरू यांच्या स्वागतात अधिक काळजी घ्यावी, कारण श्रीमंतांचा तर दराराच त्यांना मान मिळवून देतो.

आमची घरे, आमच्या रीती

मालवणच्या किनाऱ्यावरील जुन्या घराची रचनाच आतिथ्यास अनुकूल होती. समोर सारवलेले खळे, मग पडवी, आणि मग आत माजघर. उन्हातून आलेल्यास पडवीत बसवून तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा पुढे करणे ही सर्व जातिधर्मांत समान असलेली रीत होती. कोण, कोठला, हे विचारणे गूळ-पाण्यानंतर. सकाळच्या प्रहरी आलेल्यास उकड्या तांदळाची पेज मिळे, सोबत भाजलेला सुका बांगडा किंवा लोणचे. पेजेची एक सोय अशी की ऐनवेळी मनुष्य वाढला तर पाणी वाढविता येते. गरीब घरांनी आतिथ्य टिकवून धरले त्यात पेजेचा वाटा मोठा आहे, असे आम्ही गमतीने नव्हे तर गंभीरपणे म्हणतो.

गोव्यातून निरनिराळ्या काळी उत्तरेकडे सरकून सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या परिसरात स्थिरावलेल्या कॅथलिक कुटुंबांनी आपल्या काही प्रथा सोबत आणल्या. वाड्यावाड्यांतील खुरसांपुढे लादीन म्हटली जाते आणि नंतर जमलेल्या सर्वांना उकडलेले चणे वाटले जातात. तेथे वाटेने जाणारा हिंदू शेजारीही थांबतो आणि ओंजळ पुढे करतो. नाताळात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल यांचे ताट झाकून शेजारच्या घरी जाते. ते ताट रिकामे परत येत नाही. चतुर्थीला वा दिवाळीला तिकडून येणारे ताटही रिकामे परतत नाही.

या सर्वांत अर्थपूर्ण प्रथा म्हणजे ‘भिकाऱ्यांचे जेवण’. गोव्याकडील कॅथलिक कुटुंबांत लग्नाच्या अगोदर घरातील मृतांच्या आत्म्यांच्या स्मरणार्थ गोरगरिबांना घरी बोलावून पानावर बसवीत व घरच्या माणसांनी त्यांना वाढावयाचे असे. लग्नाच्या मुख्य मेजवानीपूर्वी हे जेवण होई. लूकच्या चौदाव्या अध्यायाचे इतके सरळ आचरण अन्यत्र क्वचित आढळेल. जेथे ही प्रथा उरली आहे तेथेही हल्ली कित्येकदा एखाद्या आश्रमात रक्कम देऊन ती उरकली जाते. आश्रमास पैसे मिळतात हे चांगलेच. पण वराकडच्या वा वधूकडच्या कुणाला भिकाऱ्याच्या पानावर वाकून वाढावे लागत नाही, आणि प्रथेचा जीव तर त्या वाकण्यात होता.

आमच्या पूर्वजांची घरे सर्वस्वी आदर्श होती असे म्हणणे मात्र खोटेपणाचे होईल. स्नानसंस्कार घेतल्यानंतरही जातीची पंगत सुटली नव्हती. कोणास पडवीपर्यंत, कोणास खळ्यापर्यंत, कोणास करवंटीतून पाणी, हे भेद ख्रिस्ती घरांनीही पाळले. करिंथकरांस उद्देशून लिहिलेले पत्र वाचताना आम्ही स्वतःस करिंथकर समजत नव्हतो.

या बाबतीत महाराष्ट्रातील एका घराचा दाखला देणे योग्य होईल. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) हे जन्माने कोकणचेच. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) काही वर्षे विभक्त राहून नंतर पतीकडे आल्या, पण सोवळे-ओवळे त्यांच्यासोबतच आले. एका घरात राहून वेगळी चूल, वेगळे पाणी. इतरांच्या हातचे पाणी पिण्यास मन धजत नाही, आणि माणसामाणसांत हा भेद देवाने केला असेल का, हा प्रश्नही सोडीत नाही, अशी ती अवस्था त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात कमालीच्या प्रामाणिकपणे आणि विनोदाने मांडली आहे. तो प्रश्न सुटला आणि मग १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे त्यांचा ख्रिस्ताकडील मार्ग पाण्याच्या भांड्यावरून गेला. पुढे त्यांच्या घरी कोण आले आणि कोण राहिले याची गणती नाही. टिळक वाटेत भेटलेल्या कोणासही घरी घेऊन यावयाचे, हातातील पैसे देऊन टाकावयाचे, आणि घरात काय शिल्लक आहे याची चिंता लक्ष्मीबाईंनी करावयाची. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोघेही ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची कल्पना होती. टिळक दांपत्य आपल्या प्रॉटेस्टंट बंधूंच्या परंपरेतील. परंतु ख्रिस्ती आतिथ्याचे मराठीतील त्याहून सच्चे चित्र आम्हांस ठाऊक नाही.

त्या चित्रात एक गोष्ट दडून राहत नाही, आणि ती आम्हा पुरुषांनी, विशेषतः धर्मगुरूंनी, लक्षात घ्यावी. पाहुण्यास आत बोलाविणारा एक असतो आणि चुलीपुढे बसणारी दुसरी असते. मार्था कामाने गांजली होती हे शुभवर्तमान लपवीत नाही. आम्ही प्रवचनात मरियेची स्तुती करतो आणि नंतर मार्थेने केलेले जेवण जेवतो. घरातील पुरुष व मुले पाणी भरणे, वाढणे, भांडी घासणे यांत सहभागी होत नसतील, तर ते आतिथ्य एका व्यक्तीच्या श्रमावर दुसऱ्याने मिळविलेला लौकिक होय.

आजचा अनोळखी कोण?

सिंधुदुर्गात आज परका म्हणजे केवळ मुंबई-पुण्याचा पर्यटक नव्हे. पाऊस संपला की नेपाळमधील कामगार आमच्या हापूसच्या कलमबागांत येतात. फवारणी, राखण, पुढे काढणी, अशी कामे ते करतात, आणि बागेतील मांगरात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये राहतात. पुष्कळ जण बायकामुलांसह असतात. देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत हापूसचा हंगाम त्यांच्या हातांवर उभा आहे. पावसाच्या तोंडावर ते परततात. जांभ्या दगडाच्या चिरेखाणींवर उत्तर कर्नाटकातील कुटुंबे राबतात. आठ-आठ महिने ही माणसे आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर असतात, आणि त्यांची नावे आपणांस ठाऊक नसतात. ‘तो गुरखा’ आणि ‘ते खाणीवरचे’ एवढीच त्यांची ओळख.

येथे आमचा स्वतःचा एक अपराध नमूद करतो. एका धर्मग्रामात असताना मे महिन्याच्या मध्यास एका संध्याकाळी वळिवाचा पाऊस कोसळत होता. नेपाळी जोडपे धर्मगुरुनिवासाच्या दाराशी आले; बाईच्या कडेवर तापाने फणफणलेले मूल. आम्ही दारात उभे राहूनच चौकशी केली, खिशातील काही रुपये दिले, ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता सांगितला आणि अपुऱ्या राहिलेल्या हिशोबाच्या वह्यांकडे परतलो. दान केल्याचे थोडेसे समाधानही वाटले असावे. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी त्यांना मागच्या दाराने हाक मारली, पडवीत बसविले, मुलास कोरड्या कापडात गुंडाळले, दोघांना गरम पेज दिली आणि शेजारच्या मुलाची रिक्षा बोलावून स्वतः त्यांच्यासोबत रुग्णालयात गेल्या. हे सर्व आम्हांस दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. मावशी चहा ठेवताना एवढेच म्हणाल्या, “पैसे दिलात ता बरा केलात, फादर. पण त्येंका बसाक सांगूक व्हया होता.” त्या कुटुंबाची पुन्हा भेट झाली नाही.

२०२० सालच्या महामारीने तर परका कोण याची व्याख्याच पालटून टाकली. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि मे महिन्यात मुंबईतील चाकरमानी पासाची खटपट करून गावी परतू लागले. ज्यांच्या वाटेकडे आपण दरवर्षी डोळे लावून बसतो, तीच आपली मुले-नातवंडे त्या वर्षी भीतीचा विषय झाली. शाळांतून विलगीकरण, वाडीच्या तोंडाशी अडथळे, सख्ख्या भावांत अबोला, हे सर्व झाले. त्यातील खबरदारी आवश्यक होती. रोग खरा होता आणि वृद्धांचे प्राण धोक्यात होते. परंतु खबरदारी कोठे संपली आणि तिरस्कार कोठे सुरू झाला, हे ज्याचे त्यास ठाऊक आहे. आम्ही अशीही घरे पाहिली की जेथून चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ डबा गडग्यावर ठेवला जाई, आणि ठेवणारा दूर उभा राहून दोन शब्द बोलून मगच परते. अंतर राखूनही आतिथ्य करता येते हे त्या गडग्यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने किनाऱ्यावरील छपरे उडविली तेव्हा ज्यांचे छप्पर शाबूत होते त्यांच्या घरी शेजारी गोळा झाले, आणि तेथे कोणी कोणास अहवाल विचारीत बसले नाही.

मर्यादा आणि व्यवहार

एकट्या वृद्ध स्त्रीने अनोळखी पुरुषास रात्री घरात घ्यावे, अथवा लहान मुले असलेल्या घराने शहानिशा न करता कोणासही ठेवून घ्यावे, असे धर्मसभा सांगत नाही. ‘दिदाखे’ने मर्यादा घातल्या होत्या, त्या आजही लागू आहेत. एका घरास जे धोक्याचे ते चार घरांनी मिळून, किंवा धर्मग्रामाच्या सभागृहात, सुरक्षितपणे करता येते. पैसे देणे हेही काही वेळा योग्यच असते. पण बसावयास सांगणे, नाव विचारणे, पाणी देणे यांस कोणतीच जोखीम नाही आणि खर्चही नाही. आणि आम्ही चुकतो ते बहुधा येथेच.

पर्यटकांना खोल्या देणाऱ्या कुटुंबांनी आम्हांस विचारले आहे की, आमच्या धंद्यात श्रद्धेचे स्थान काय? बिल देणाऱ्या पाहुण्याशी सचोटीने वागणे, त्याची भाषा वा जात पाहून दर न बदलणे, खोल्या झाडणाऱ्या बाईस वेळेवर मजुरी आणि स्वतःच्या पंगतीत जेवण देणे, हे तर आहेच. काही घरे हंगाम नसताना एखादी खोली रुग्णाच्या नातेवाइकांसाठी वा परीक्षेस आलेल्या मुलासाठी मोफत ठेवतात आणि त्याचा गवगवा करीत नाहीत. शूनेमच्या स्त्रीची ती खोली.

रविवारच्या मिस्सेचेही आत्मपरीक्षण व्हावे. मे महिन्यात व नाताळात सहलीस आलेली कुटुंबे उपासनेस येतात, त्यांचे स्वागत होते, मिस्सेनंतर चौकशी होते. गोव्यात झारखंड व ओडिशा येथून कामास आलेले आदिवासी ख्रिस्ती कामगार पुष्कळ आहेत. आपल्याकडेही असे कोणी मागील दाराशी उभे असते, आणि शेवटचा आशीर्वाद झाला की निघून जाते. त्याचा आपल्याशी परिचय भाषेअभावी होत नाही असे आपण म्हणतो, पण हिंदीत नाव विचारण्याइतकी भाषा आपणा सर्वांस येते. ज्या मेजावर आपण सर्वच पाहुणे आहोत आणि यजमान एकटा प्रभू आहे, तेथून परतताना शेजारी उभ्या असलेल्याचे नाव ठाऊक नसावे, हे करिंथच्या दोषाहून फार दूरचे नाही.

उपासनावर्षात या विचारास दोन दिवस विशेष अनुकूल आहेत. २०२१ साली पोप फ्रान्सिस यांनी २९ जुलै हा दिवस संत मार्थासोबत मरिया व लाजरस या तिघा भावंडांच्या स्मृतीचा केला. प्रभूस ज्या घराने पाहुणा म्हणून घेतले ते संपूर्ण घर आता त्या दिवशी आठवले जाते. दुसरा दिवस नोव्हेंबरमधील जागतिक गरीब दिन, ख्रिस्तराजाच्या सणापूर्वीचा रविवार. तो प्रथम १९ नोव्हेंबर २०१७ रोजी पाळण्यात आला, आणि त्या दिवशी पोप फ्रान्सिस व्हॅटिकनमध्ये सुमारे दीड हजार गरिबांसोबत जेवावयास बसले होते. आपल्याकडे त्या सुमारास भातकापणी उरकत आलेली असते, आणि कलमबागांतील मांगरांत नेपाळहून माणसे येऊ लागलेली असतात.